करवलीचा कलश

"प्राइम लेन्सला झूम नसतो. ऐन मुहूर्ताला कार्यालयभर पळत बसशील," मुकुंद बायकोला नवव्यांदा म्हणाला. त्याची स्वतःची झूम लेन्स वरवंट्याएवढी लांब आणि तेवढीच जड.

"बसेन पळत. माणूस जवळ हवा तर आपणच जवळ जावं," म्हणत शलाकाने आपली मुठीएवढी लेन्स लावली आणि थेट नवरीच्या मागे जाऊन उभी राहिली. मुकुंद हॉलच्या टोकाला खुर्चीवर चढला.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि खरी करवली नेमकी केस नीट करायला गेलेली. भटजींनी पाहिलं, तर नवरीमागे काठापदराची साडी नेसलेली एकच बाई. "करवली, धरा!" त्यांनी पाण्याने भरलेला कलश शलाकाच्या हातात ठेवला. "अहो, मी फोटोवाली!" हे तिचं ओरडणं वाजंत्रीत बुडालं. तेवढ्यात अंतरपाट खाली आला.

कलश डाव्या हाताने छातीशी धरून तिने उजव्या हाताने कॅमेरा उचलला. नवरदेवाचे भरून आलेले डोळे हातभर अंतरावर होते. तिने ते टिपले, साडी भिजली तरी.

नवरीच्या आईने करवलीचा मान म्हणून तिचीच ओटी भरली.

नंतर तिने मुकुंदचे फोटो पाहिले. अक्षता उडताहेत, आणि मधोमध कलश सावरत हसणारी ती. पुढचा फोटोही तिचाच. त्याच्या पुढचाही.

"अहो, नवरदेव कुठाय?"

"त्याला तू टिपलंस ना? मी माझ्या बायकोला टिपलं."