मोठा तुकडा

डॉक्टर जवळजवळ धावतच खोलीत आले. "आज सीलबंद पाकिटं फोडली! थोरल्या बाईंना खरं औषध होतं, धाकट्यांना नुसती पिठाची गोळी. आणि तरी दोघींचीही आखडलेली बोटं मोकळी झाली! हे झालं कसं?"

संधिवाताच्या नव्या औषधाची चाचणी संपली होती. कोणाला काय दिलं, ते डॉक्टरांनाही आजच कळत होतं. समोर बसलेल्या जावा-जावा आल्यापासून पंख्याच्या वेगावरून भांडत होत्या, त्यांनी भांडण सोडून एकमेकींकडे पाहिलं.

"चिडू नका हं," थोरली म्हणाली. "दोघींतल्या एकीला खोटी गोळी मिळणार, असं आमच्या मनानंच घेतलं. म्हणून रोज सकाळी दोघींच्या गोळ्या सुरीनं कापायचो आणि अर्धी-अर्धी घ्यायचो."

"अहो, सगळ्या चाचणीवर पाणी फिरवलंत!" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. तो हात तिथेच थांबला. "एक मिनिट. हे औषध घेणारे बाकी सगळे ओकाऱ्यांनी हैराण झालेत. तुम्हाला झाल्या?"

"छे! एकदाही नाही."

"म्हणजे अर्धीच पुरते!" डॉक्टर ओरडलेच. "चला, आता अर्ध्या गोळीची चाचणी घ्यायची!"

"अर्धी कुठली?" सरळ झालेलं बोट जावेवर रोखत धाकटी म्हणाली. "यांना तर अर्धीही मिळाली नाही. रोज मोठा तुकडा माझ्याच हातावर ठेवायच्या, आणि विचारलं की म्हणायच्या, सुरीच मेली बोथट आहे."