खंड्याचा लंगोट
गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमचा कुत्रा खंड्या सोळा वर्षांचा झाला आणि त्याला झोपेतच शू व्हायला लागली. गालिचा तिसऱ्यांदा भिजला तेव्हा माझा मुलगा हेमचंद्र म्हणाला, “आई, खलास. उद्या त्याला शेल्टरमध्ये सोडून येतो.” मी पैठणीचा काठ उसवला, शेपटीपुरतं भोक ठेवून लंगोट शिवला आणि आत खास त्याच्यासाठी आणलेलं पॅड बसवलं. सकाळी करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून खंड्या अशा डौलात उतरला की वॉचमनने उठून सलाम ठोकला. नात इरा म्हणाली, “आज्जी, व्हॉट अ चॅम्पियन.” महिना झाला, गालिचा कोरडा आहे आणि लंगोट आता हेमचंद्रच बांधतो. सलाम खराच हं, पण एक थाप मारली. पॅड मी माझ्यासाठी आणलं होतं. हेमचंद्रला सांगू नका, उद्या मलाही सोडून येईल.