पळपुटा टाका

"पळपुटा टाका घाल, आणि जरा हात चालव!" मास्तरांनी कोट नव्या बाईच्या टेबलावर टाकला. गायिका आतल्या खोलीत ताटकळत बसली होती. संध्याकाळी तिचा कार्यक्रम, आणि कोटाची खालची कड अजून उघडीच.

बाईने कोटाला हात लावला नाही. "या नावाने नाही घालणार."

मशिनी थांबल्या. हा टाका आतून घालतात, बाहेरून त्याचा मागमूस दिसत नाही. लढाईत देश सोडून आलेल्या बायकांनी तो इथे आणला. टाका सगळ्यांनी उचलला. बायका मात्र पळपुट्या ठरल्या आणि टाकाही पळपुटा. ही बाई तिकडचीच. तिच्या हाताची सफाई दुकानात कुणाकडे नव्हती, आणि तेच मास्तरांना झोंबत होतं.

"अगं, इतकी वर्षं म्हणतोय आम्ही. कुणाला कधी टोचलं नाही."

"टोचलं असेल. बोललं नसेल कुणी."

"मग काय म्हणू? पाहुणा टाका?" मशिनीवरच्या बायका फिदीफिदी हसल्या. मास्तरांना चेव चढला. "पटत नसेल तर घरी बस. उद्यापासून येऊ नकोस."

बाईच्या घरात कमावणारी ती एकटीच. तरी तिने पिशवी खांद्याला लावली. "आम्ही स्वतःला काय म्हणतो, ते नाव लावा. मग घालते."

"काय म्हणता?"

हे इथे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती तोंड उघडणार, तोच कोपऱ्यातल्या इस्त्रीवाल्या काकांनी इस्त्री उभी केली आणि तिच्या ओठांवरचाच शब्द उच्चारला. तिच्याच ढंगात, अगदी घशातून.

बाई वळून बघतच राहिली. पळपुट्यांवरच्या विनोदांना दुकानात सगळ्यात मोठ्याने हसायचे ते काकाच.

"काका, तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"आईच्या कडेवर आलो होतो," काका म्हणाले. "ती हाच टाका घालायची."

आतून गायिकेने हाक मारली. मास्तरांनी घाम पुसला आणि तो शब्द म्हणून पाहिला. जीभ अडखळली. काकांनी सावकाश पुन्हा म्हणून दाखवला.

बाईने पिशवी खाली ठेवली. सुईत दोरा ओवला. कोट मात्र अजून जवळ ओढला नाही.

"पुन्हा म्हणा, मास्तर."