सरकणारा झेंडा

नदी सुधारायची म्हणून काठचा पट्टा न नांगरता सोडायचा, असं आम्ही शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून ठरवलं. हद्दीला झेंडे रोवले. पण माझ्या शेतातला झेंडा रोज थोडा आत सरकायचा.

"बाई, झेंड्याला काय पाय फुटलेत? गोड बोलून जमीन लाटताय!" मी शास्त्रज्ञबाईंना सुनावलं.

"काका, शपथ, आम्ही हातसुद्धा लावला नाही."

माझा विश्वास बसला नाही. पहाटे बांधाआड दबा धरून बसलो. झेंडा उपटायला आली ती माझीच लेक.

"बाबा, आईला पुरलं ती जागा पट्ट्यात घेतेय. तुमच्यानंतर दादा तिथेही नांगर घालेल."


मी तिच्या हातातून झेंडा घेतला आणि आणखी थोडा आत रोवला, माझीही जागा धरून.