संक्रांतीचा तुरा

मालनने मूठभर माती थेट काउंटरच्या काचेवर ओतली.

"काय हे मावशी? काच आत्ता पुसलीय," विनीत खेकसला.

"गेल्या वर्षी न बघता मका दिलात. कुठल्याही शेतात चालतो म्हणालात. आता आधी माती बघा, मग बियाणं द्या."

कल्याणच्या बाजारात विनीतचं बियाण्यांचं दुकान बापाच्या वेळेपासून होतं, आणि गिऱ्हाइकावर खेकसायची खोडही तेव्हापासूनचीच. गोदामात उरलेला वाण त्याने मालनच्या गळ्यात मारला होता. तिचं शेत पाणी धरणारं, वाण कोरड्या माळाचा. मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला आणि मालकाने खंडाने दिलेलं शेत काढून घेतलं. ती जाब विचारायला आली, तर या गृहस्थाने चारचौघांत तिलाच अडाणी ठरवलं. एवढं झाल्यावर मालन काय त्याची आरती ओवाळणार होती?

विनीतने नाइलाजाने माती चोळली. "भुसभुशीत आहे. पाणी?"

"नदीचं. पंप आहे. आंबिवलीला नवीन शेत घेतलंय."

"मग हा घ्या. मोठं कणीस, टपोरा दाणा."

"तुरा कधी येईल?"

"उशिरा. जानेवारी संपेल."

"नको. संक्रांतीच्या आठवड्यात आला पाहिजे. एक शेत तुमच्यापायी गेलं, शेट. या वेळी नेम चुकता कामा नये."

तेवढ्यात विनीतचा फोन वाजला. ठाण्याचा व्यापारी होता. विनीतचा आवाज लगेच तुपात घोळला. "हो साहेब, शेतावरनंच आलेलो सकाळी. आपला स्वीटकॉर्न एकदम मस्त. संक्रांतीला तुरा, मग कणसं. यंदा सगळा जीव त्यातच ओतलाय. गोडीची गॅरंटी माझी."

फोन ठेवला आणि तोंड पुन्हा एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "संक्रांतीचीच एवढी घाई कसली?"

"माझी घाई मला ठाऊक."

चडफडत त्याने मागचं कपाट उपसलं आणि एक पिशवी आपटली. "कमी दिवसांचा वाण. कोंबड्यांच्या खाद्याचा साधा मका. तुमच्या मातीला बरोबर, पाण्याला बरोबर. उद्या पेरलात तर संक्रांतीला तुरा. झालं समाधान?"

"तुरा भरघोस येतो?"

"नुसती पिवळी धूळ उडते. शेजारी काय लावलंय?"

"स्वीटकॉर्न."

विनीत सकाळपासून पहिल्यांदा हसला. "मग त्याची लागली वाट. दोघांचा तुरा एकाच वेळी आला आणि याची धूळ त्याच्या कणसांवर पडली, की गोडी खलास. दाणे कोंबड्यासुद्धा विचार करून खातील. कोण आहे बिचारा?"

मालनने पिशवी काखेत मारली.

"उद्या जरा कुत्रं बांधून ठेवा, शेट. माझ्या शेताची वाट तुमच्याच बांधावरून आहे."