विद्यार्थी सवलत

संगणकानं सकाळीच तो जुना प्रश्न पुन्हा विचारला : आपण अजून विद्यार्थी आहात का?

ठमीनं ‘हो’वर असं बोट दाबलं, की माऊसला तोंड असतं तर तो ‘आई गं’ म्हणाला असता.

“बाबा, आता याच्यासमोरही मान खाली घालायची वेळ आलीय माझ्यावर.”

फोटोकाका आरशापुढे केस विंचरत होते. म्हणजे जे शिल्लक होते ते. “यंत्राची कसली लाज धरायची? उद्या निकाल. बघू काय होतं ते.”

फोटोकाकांच्या स्टुडिओत कॅमेरे त्यांचे, दिवे त्यांचे, मागचा निळा पडदाही त्यांचा. पण फोटो ज्यात घासूनपुसून लख्ख व्हायचे ते सॉफ्टवेअर मात्र लेकीचं. डिझाइन कॉलेजात नाव आहे तोवर कंपनी ते तिला नाममात्र दरात देई. शिक्षण संपलं, की लाड संपले. मग व्यावसायिक परवाना, आणि त्याची किंमत ऐकून भल्याभल्या स्टुडिओवाल्यांना पाणी मागावं लागे. सवलतीच्या परवान्यावर धंदा करू नये, असंही अटींत बारीक अक्षरात होतं. पण अटी वाचत बसलं तर माणसाचं लग्नसुद्धा व्हायचं नाही, असं काकांचं मत.

आणि काय त्या सॉफ्टवेअरची करामत! नवरीचे मुरूम, नवऱ्याचं पोट, सासऱ्याचं टक्कल, सगळं त्यात गडप. एका नवरदेवाला काकांनी असा सडसडीत केला, की त्याच्या आईनं अल्बम परत पाठवला : हा आमचा नव्हे, बदलून द्या.

ठमीचं मात्र घोडं शेवटच्या वर्षात अडलं होतं. बाकी विषयांत पहिली, आणि प्रकल्पात नापास. पुन्हा बसली, पुन्हा नापास. दूरच्या शहरात मुलांची पुस्तकं काढणारी एक संस्था तिच्यासाठी जागा राखून होती. पास हो आणि ये, म्हणत होते. यंदा त्यांनी स्पष्टच कळवलं होतं : याही वेळी जमलं नाही, तर जागा दुसऱ्याला.

म्हणून ठमीनं यंदा जीव ओतला. दिवसभर गिऱ्हाइकांची पोटं आत घ्यायची आणि उरलेल्या वेळात आपलं पुस्तक काढायचं. टपालपेटीत घर करणाऱ्या खारीची गोष्ट होती ती. कॉलेजात देण्याआधी तिनं ते बापाच्या हातात ठेवलं होतं. काकांनी पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली.

“छान झालंय,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. “फारच छान झालंय गं.”

आज काकांनी अल्बम पिशवीत घातला, तशी ठमी आडवी आली.

“बाबा, प्रकल्पाच्या सरांकडे निघालात ना? मला नाही आवडत असं. पास व्हायचं तर माझ्या बळावर होईन.”

“अगं, अल्बम द्यायचाय त्यांच्या मुलीच्या लग्नाचा. जाता जाता कानोसा घेतो. बापाचा जीव आहे, घरी बसवत नाही.”

ठमीचा आवाज खाली आला. “या वेळी नाही झाले ना बाबा, तर मी पेन्सिलसुद्धा हातात धरणार नाही.”

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शेजारच्या दुकानातल्या शिंपीबुवांनी मशीन थांबवून हाक मारली. “काय काका, स्वारी कॉलेजात? पास होतेय म्हणा की पोरगी!”

“तुमच्या तोंडात साखर पडो.”

“पण मग त्या तुमच्या सॉफ्टवेअरचं हो?”

“बुवा, पोर मोठी की सॉफ्टवेअर?”

“तसं नव्हे. लेक सासरी गेली तेव्हा मीही रडलो. पण तिनं जाताना माझं मशीन नव्हतं नेलं!”

काका हसले. हसू जरा मागाहून पोचलं.

सरांच्या खोलीत गठ्ठ्यांमागे सर बसले होते. काकांनी अल्बम टेबलावर ठेवला. याआधी सरांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचा, त्याआधी नातवाच्या वाढदिवसाचा. पैशाची गोष्ट काकांनी कधी काढली नव्हती.

सरांनी दोन पानं चाळली. “जावई गोरा झालाय जरा.”

“तुम्हीच म्हणाला होतात.”

सरांनी अल्बम मिटला आणि गठ्ठ्यातून ठमीचं पुस्तक वर काढलं. बराच वेळ ते त्यावर नुसता हात फिरवत राहिले.

“नातवाला दाखवलं हे. परत घेतलं तर रडायला लागला, खार पाहिजे म्हणून.” सर थांबले. “नोकरी धरून बसलेत म्हणे तिच्यासाठी?”

“हो. यंदा नाही, तर कधीच नाही.”

“हं.”

काकांनी कपाळ पुसलं. “सर, गुण अजून चढवले नाहीत ना?”

“नाही. तुमचीच वाट पाहत होतो.” सरांनी चष्मा काढला. “काका, राग मानू नका, पण यंदा मला नाही जमायचं.”

“असं नका म्हणू, सर. माझं घर तुमच्या हातात आहे.”

“अहो, कसं करू? सबंध वर्गात याच्या तोडीचं काम नाही. पानन् पान तपासलं मी. तिला नापास करायला कारणच सापडत नाही.”

काकांनी अल्बम हळूच त्यांच्याकडे सरकवला.

“शोधा, सर. गेल्या वर्षी सापडलं होतं.”