पिवळी सोंगटी

अंगठा जुळला नाही. नमिताने तो पदराला पुसून पुन्हा फोनवर टेकवला. परत तेच. तिसऱ्यांदा फोनने अंगठ्याचा नाद सोडला आणि पैसे भरायचा पिन मागितला. पिन प्रविणला ठाऊक होता, आणि प्रविण कुठे आहे ते देवाला ठाऊक.

जोहे गावच्या गणपती कारखान्यात ती सकाळपासून मूर्ती घासत होती. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची रेघ राहते, ती पॉलिश पेपरने काढायची. सीझन भरात आला की मूर्तीवर रेघ उरत नाही आणि घासणाऱ्या बोटांवरही उरत नाही. शिमग्यात हात रिकामे असताना प्रविणने पैसे भरण्यासाठी बायकोचा अंगठा मोठ्या हौसेने फोनमध्ये घालून दिला होता. श्रावणापर्यंत त्या अंगठ्याचं काय होतं, हे त्या शहाण्याला सुचलं नाही आणि हिलाही नाही.

सकाळीच मेसेज आला होता. खेळांचा फॅमिली प्लान आज सहा वाजता संपतोय, पैसे भरले नाहीत तर अर्धवट डाव पुसले जातील. म्हणून तर आज तिने फोन घरी लेकीकडे न ठेवता कामावर आणला होता.

"संपू दे," सासरे काळुराम म्हणाले. ते मूर्तीचे डोळे आखत होते, त्यामुळे मान वर केली नाही. "सहा जनांचा प्लान नि घरात आमी चार. त्यातला येक गायब. कुनाचं भलं झालं त्यात?"

"मामा, असं नका ना बोलू."

प्रविण रोह्याला कंपनीत शिफ्टला असायचा, आठवडाभर तिथेच खोलीवर. संध्याकाळी लेकीशी लुडो खेळता यावा म्हणून त्यानेच तो प्लान घेतला होता. मध्ये जाहिराती नाहीत, पोरगी बापासाठी रडत नाही. नमिताला सौदा स्वस्तच वाटला होता. मग कंत्राट सुटलं, खोली सुटली आणि त्याचा फोन बंद झाला. त्याला दीड महिना होत आला. पण रोज ती घरी पोचायची तेव्हा डावात त्याची पिवळी सोंगटी पुढे सरकलेली असायची. कुणा दुसऱ्याच्या फोनवरून खेळत असेल. तोंड दाखवायला लाजत असेल, पण आहे, लेकीला विसरलेला नाही. तेवढ्यावर नमिताच्या घशाखाली भात उतरत होता. पूर्वी तो लेकीपुढे मुद्दाम हरायचा, हल्ली तोच जिंकायचा. कुणावर राग काढतोय, ते तिला कळत नव्हतं.

तिने रामवाडीच्या मोबाइलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, उद्या बँकेचं कार्ड घेऊन या, नवीन पिन काढून देतो."

"उद्या काय करू मी?" ती ओरडली. मोबाइलवाल्याने फोन ठेवून दिला.

मग तिने अंगठ्याला खोबरेल लावलं. लिंबू चोळून पाहिलं. कुणीतरी सांगितलं होतं की गरम पाण्याने रेघा वर येतात, म्हणून चहाच्या टोपात अंगठा बुडवला आणि कळ आली तरी धरून ठेवला. अंगठा लाल झाला, रेघ काही आली नाही. ती नळावर बसली आणि विटेच्या तुकड्याने घासू लागली. घासल्यानेच गेलेली रेघ घासून परत येणार नाही, हे तिलाही कळत होतं. पण हात थांबत नव्हता.

"सूनबाई, पुरे कर गो," काळुराम आता आखणी सोडून उभे राहिले होते. "रगत येतंय."

पावणेसहाला दिशा शाळेतून थेट कारखान्यात आली. पाचवीतली पोर, आज फोन आईकडे होता म्हणून तो न्यायला. आईचा हात बघून ती दप्तरासकट दारातच थांबली.

"आये, काय करतेस?"

"तुज्या बाबांचा डाव जाईल गो, बाय. सहा वाजले का पुसला जाईल."

दिशा जवळ आली. तिने आधी आईच्या हातातली वीट काढून घेतली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "बाबांचा डाव मीच खेलते."

नळ तसाच वाहत होता.

"त्यांचं नाव दाबलं का त्यांचा फासा येतो. मग माजं नाव दाबायचं."

"कवापासून?"

"त्यांचा फोन बंद झाला तवापासून. तू जेवत नव्हतीस ना. पिवली पुढं गेली का जेवायचीस." दिशाने खाली बघितलं. "म्हनून त्यांना जिंकवते."

नमिताला रडू येईल असं काळुरामांना वाटलं. पण ती रडली नाही. ओला हात पदराला पुसून तिने फोन उचलला, डाव उघडला. तीन पिवळ्या सोंगट्या घरात पोचल्या होत्या. चौथी दारात होती, घरात जायला बरोबर तीन हवे होते.

तिने प्रविणचं नाव दाबलं आणि सोललेला अंगठा फाशावर ठेवला. फाशाला रेघा लागत नाहीत, तो लगेच फिरला. पाच पडले. सोंगटी जागची हलली नाही.

काळुराम ब्रश हातात धरूनच जवळ आले आणि सुनेच्या खांद्यावरून फोनमध्ये बघू लागले. दिशाने घाईघाईने स्वतःचं नाव दाबलं, कसाबसा आपला फासा टाकला आणि फोन परत आईच्या हातात दिला.

"टाक, आये, लवकर. अजून सात मिनिटं हायत."